घुबडाची पेटी

घाबरू नका. आवाज माझ्यातूनच येतोय, पण आत माणूस नाही. आत सध्या दोन गोधड्या आहेत, एक बंद पडलेला टेबलफॅन आहे आणि गणपतीच्या आराशीच्या माळा आहेत. मी पेटी आहे. पेटी म्हणजे ट्रंक नव्हे. चांगला धिप्पाड माणूस ताठ उभा राहील एवढी उंच, कपाटासारखी, फणसाच्या लाकडाची. माझ्या दारावर एक घुबड रंगवलेलं आहे. त्याचा एक डोळा कधीच खरवडून गेलाय, दुसऱ्यानं ते अजून टक लावून बघतं. रहाटणीतल्या एका सोसायटीच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखाली मी उभी असते. दुपारी ऊन अंगावर आलं की लाकूड तडतडतं आणि शेजारची बाई म्हणते, "त्यांच्या त्या भुताच्या पेटीतून आवाज येतात हं."

येतात खरे. पण ऐकणार कोण?

माझा जन्म कोल्हापूरकडचा. उद्धवराव नावाच्या सुतारानं मला एका सिनेमासाठी बनवलं. सिनेमाचं नाव 'घुबडवाडीचे जादूगार'. काळापांढरा, भुताखेतांचा, पण हसवणारा. एका ओसाड गावात दोन जादूगार राहतात, एक चांदणराव आणि दुसरा काळभुंगा. गावातल्या भुतांवर हुकूम कुणाचा चालणार, यावरून दोघांचं वैर. एक टाळी वाजवून दुसऱ्याच्या मिशा उडवतो, दुसरा मंत्र टाकून त्याच्या धोतराचं सापासारखं वेटोळं करतो. शेवटी भुतंच वैतागतात आणि गाव सोडून चालती होतात. मग उरतात दोघंच. त्या शेवटच्या झटापटीत काळभुंगा स्वतःच्याच पेटीत अडकतो आणि आतून बोंब मारतो, "अरे, मला बाहेर काढा रे! आत मी एकटा नाही!"

ती पेटी म्हणजे मी. तो प्रसंग आला की माणसं खुर्चीवरून खाली घसरेपर्यंत हसायची.

उद्धवरावांनी माझ्या पोटात एक कळ बसवली होती. खाली डाव्या कोपऱ्यात लाकडाची एक छोटी खिट्टी. टाचेनं ती दाबली की माझी पाठ दारासारखी उघडते, एवढासाही आवाज न करता. माणूस मागच्या काळ्या पडद्यातून निसटतो. पुढचं दार उघडलं की आत कोणी नाही. एवढीच माझी जादू. बाकी सगळी बघणाऱ्यांच्या डोळ्यांत असते.

सिनेमा आला तेव्हा पडला. पुढं काही वर्षांनी टीव्हीवर रविवारी संध्याकाळी लागायला लागला आणि घराघरांत पाठ झाला. पण तोवर तो स्टुडिओ बंद पडला होता, सामान विकलं गेलं होतं, आणि मी हातोहात फिरत दापोडीत रेल्वे रुळांजवळच्या एका मंडपवाल्याच्या गोदामात येऊन पडले होते. तो माझ्यात लग्नाच्या गाद्यांच्या खोळी कोंबायचा. टीव्हीवर सगळं गाव मला बघून हसत होतं आणि इकडं उंदीर माझा तळ कुरतडत होते.

त्या गोदामात एक दिवस दोन तरुण कामगार आले. कंपनीच्या गणपतीसाठी मंडपाचे बांबू ठरवायला आले होते. एक उंच, गोरटेला, केसांचा भांग जपणारा. तो हिंदुराव, पाटणकडून पोटासाठी पिंपरीला आलेला. दुसरा काळासावळा, ठेंगणा, सतत काहीतरी गुणगुणणारा. तो खंडू, इथलाच, चाकणजवळच्या खेड्यातला. दोघं एकाच कारखान्यात, एकाच शिफ्टला, शेजारशेजारच्या प्रेस मशीनवर. खंडूनं माझ्यावरचा कापडाचा ढीग बाजूला केला आणि ओरडलाच.

"आरं हिंदुराव! ह्ये घुबड बघ!"

हिंदुराव जवळ आला. त्यानं माझ्या दारावरून हात फिरवला. असा हात उद्धवरावांनंतर कुणी फिरवला नव्हता.

"काळभुंग्याची पेटी," तो हळूच म्हणाला. "खंडू, हीच ती. खरीखुरी."

मंडपवाल्याला काय? त्याची जागा अडत होती. तो म्हणाला, घेऊन जा. दोघांनी मला हातगाडीवर घातलं आणि दापोडीच्या गल्लीतून वाजतगाजत न्यावं तसं नेलं. माझी कळ काही त्यांना ठाऊक नव्हती. खंडूच्या खोलीत सगळा रविवार दोघं मला ठोकत, चाचपत बसले. शेवटी खंडू आत शिरून कंटाळून भिंतीला टेकला, त्याची टाच घसरली, खिट्टी दबली, आणि गडी पाठीवर धाडकन मागं पडला, तो थेट त्याच्या बायकोच्या भिजवलेल्या कपड्यांच्या टबात. कस्तुरा पदर खोचून धावत आली. "जादू करायची आसंल तर आदी ही कापडं धुऊन दावा!" ती म्हणाली. हिंदुराव भिंतीला धरून हसत होता. मीही हसले असते.

तिथून आमचा खेळ सुरू झाला. दोघांनी सिनेमातल्यासारखेच कपडे शिवून घेतले. हिंदुराव पांढऱ्या झग्यात चांदणराव व्हायचा आणि खंडू काळ्या झग्यात काळभुंगा. गणेश मंडळं, बारशी, कंपनीचा फॅमिली डे. शिफ्ट संपली की हात धुऊन निघायचं. खंडूच्या अंगाला मशीनच्या तेलाचा वास असायचा. तो आत शिरला की तो वास माझ्या लाकडात मुरायचा. दार बंद झालं की तो छाती फुटेस्तोवर बोंबलायचा, "आत मी एकटा नाही!" बाहेर हशा उसळायचा. त्या गोंधळात हिंदुराव छडी आपटायच्या निमित्तानं माझ्याजवळ यायचा आणि ओठ न हलवता विचारायचा, "बरा हायस न्हवं?" खंडू आतून हुंकार द्यायचा, मग टाच दाबायचा, आणि क्षणभरात प्रेक्षकांच्या मागून हजर.

त्यांच्यासारखी जोडी मी सिनेमातही पाहिली नाही. तिथले दोन नट तर दिग्दर्शकानं कट म्हटलं की एकमेकांचं तोंड बघत नसत.

मोडलं ते एका लहान मुलीवरून. खंडूची मुलगी अंजली, तेव्हा पहिली-दुसरीत असेल, पहिल्याच रांगेत बसायची. एकदा खेळ संपल्यावर तिनं बापाला विचारलं, "पप्पा, तुम्हीच का हरता नेहमी?" खंडूनं ते हसण्यावारी नेलं. पण पुढच्या खेळाआधी काळा झगा चढवताना तो हिंदुरावला म्हणाला, "एकदा उलटं करू की. तू आत जा. मी जिंकतो."

"पिक्चरमध्ये तसं न्हाई," हिंदुराव म्हणाला आणि भांग काढत राहिला.

त्या संध्याकाळी दापोडीच्या मैदानात खेळ रंगला. शेवटची झटापट आली. हिंदुरावनं खंडूला माझ्याकडं ढकललं, तसा खंडू गर्रकन वळला, त्यानं चांदणरावालाच आत लोटलं आणि बाहेरून कडी घातली. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की माझ्या बिजागऱ्या थरारल्या. काळभुंगा जिंकला होता! लोकांना ते नवीन होतं, आणि नवीन सगळ्यांना आवडतं.

आत काय झालं ते मला एकटीला ठाऊक आहे. हिंदुराव आधी हसला. खरंच हसला, "आरं लबाडा" असं पुटपुटला. पण टाळ्या थांबेनात. त्याच्या खेळाला एवढ्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या. हळूहळू त्याचं हसू विझलं आणि त्याचा श्वास जड झाला. तो टाच दाबून बाहेर गेला नाही. टाळ्या संपेपर्यंत तसाच उभा राहिला.

नंतर मैदान रिकामं झाल्यावर दोघांचं भांडण झालं ते माझ्या दोन अंगांना उभं राहून.

"पिक्चरचा सत्यानास केलास तू," हिंदुराव म्हणाला.

"पिक्चर गेला खड्ड्यात. माझी पोरगी उभी राहून टाळ्या वाजवत हुती. तू बघितलंस का तिचं तोंड?"

"मला आतनं कसं दिसणार?"

"मग मला तरी इतकी वरसं काय दिसत हुतं?"

हिंदुरावनं आवाज चढवला. शब्दाला शब्द लागला, गावाचं नाव निघालं, बापाचं निघालं. मी मध्ये उभी होते. फणसाचं लाकूड जाड असतं, नाहीतर त्या दिवशी मी उकलले असते.

मी हिंदुरावकडं गेले, कारण त्याची खोली मोठी होती. खंडूनं प्लायवूडची दुसरी पेटी ठोकून घेतली. तिच्यावर घुबड काही त्याला जमेना, म्हणून वटवाघूळ काढलं, ते उलट्या झालेल्या छत्रीसारखं दिसायचं. मग सुरू झालं खरं 'घुबडवाडीचे जादूगार'. एकाच्या पोस्टरवर 'मूळ पेटीवाले', दुसऱ्याच्या पोस्टरवर 'खरा काळभुंगा'. हिंदुरावचा खेळ असला की खंडू पहिल्या रांगेत येऊन बसायचा आणि नेमका माणूस गायब व्हायच्या क्षणाला असा खोकायचा की सगळ्या माना त्याच्याकडं वळायच्या. खंडूचा खेळ असला की हिंदुराव मागं उभा राहून मोठ्यानं म्हणायचा, "पडदा हलला बघा!" लोकांची चैन होती. मंडळवाले तर मुद्दाम दोघांना एकाच आठवड्यात बोलवायचे.

सगळं पिंपरी-चिंचवड हसत होतं. हिंदुराव मात्र घरी येऊन माझं दार उघडायचा, आत डोकावायचा, पुन्हा लावायचा. काय शोधायचा देव जाणे.

खंडूची बायको कस्तुरा गेली तेव्हा बातमी लगेच कळली. हिंदुरावनं पांढरा शर्ट घातला, चपला घातल्या, कोपऱ्यावरच्या रिक्षापर्यंत गेला आणि परत आला. शर्ट काढून माझ्या दाराला अडकवला. त्याची बायको इंदुताई म्हणाली, "अहो, अशा वेळेला कोण जुनं धरून बसतं? जावा की." तो म्हणाला, "गेलो तर तो काय बोलंल, म्हायती हाय मला." मला वाटलं ओरडून सांगावं की तो काही बोलणार नाही, मी त्याचा श्वास ओळखते. पण पेटीला तोंड असून उपयोग काय? ते दुसऱ्यानं उघडावं लागतं.

वर्षं गेली. कारखान्यानं दोघांना घरी बसवलं. हिंदुरावची मुलगी रुपाली शिकली, हिंजवडीत नोकरीला लागली. तिनं रहाटणीला फ्लॅट घेतला आणि मी लिफ्टमध्ये मावत नव्हते म्हणून जिन्यावरून, चार हमालांच्या शिव्या खात वर आले. खेळांची बोलावणी आता क्वचित. पोरं मोबाईलवर माणसं कापून जोडलेली बघतात, त्यांना फणसाच्या पेटीचं काय?

आणि मग हिंदुराव विसरायला लागले. तोवर त्यांचे केस पिकले होते, म्हणून आता मीही त्यांना अहोजाहो करते. आधी बारीकसारीक. जेवण झालं की नाही, ते इंदुताईंना विचारायचे आणि वर म्हणायचे, "तुझी परीक्षा घेतो." एकदा दूध आणायला गेले आणि काळेवाडीच्या पुढून एका रिक्षावाल्यानं त्यांना घरी आणून सोडलं. "जरा लांब चाललो, पाय मोकळं केलं," असं सांगून टाकलं. जादूगाराला हातचलाखी जन्माची अवगत. लोकांचं लक्ष भलतीकडं वळवणं हेच तर त्याचं काम. घरच्यांनाही त्यांनी तसंच फसवलं.

मला फसवता आलं नाही. दुपारी इंदुताई झोपल्या की ते गॅलरीत येऊन माझ्यात शिरायचे, सरावाला. पूर्वी दार लागायच्या आत टाच खिट्टीवर पडायची. आता टाच चुकायला लागली. उजव्या कोपऱ्यात जायची, मधेच थांबायची. एकदा तर ते इतका वेळ उभे राहिले की इंदुताईंनी येऊन पुढचं दार उघडलं.

"काय करताय आत?"

"रियाज," ते म्हणाले. कपाळावर घामाची धार होती.

मी काय करणार? मी लाकूड ताणलं, फळी कुरकुरवली, खिट्टी थोडी सैल पडावी म्हणून उन्हात अंग वाकवून पाहिलं. इंदुताई म्हणाल्या, "वाळवी लागली वाटतं हिला," आणि माझ्यावर औषध मारलं.

अशात सोसायटीचा वर्धापनदिन आला. कुणालातरी कळलं की ती सिनेमातली पेटी आपल्याच बिल्डिंगमध्ये आहे. मग ठरलं की मोकळ्या जागेत पडदा लावून सिनेमा दाखवायचा आणि तो संपताच हिंदुरावांनी तोच प्रसंग खराखुरा करून दाखवायचा. रुपालीला फार आनंद झाला. वडील अलीकडं गप्प गप्प असतात, तेवढीच उभारी येईल, असं तिला वाटलं. पांढरा झगा घालून बाहेर ती उभी राहणार होती. हिंदुरावांना आत जायचं होतं, म्हणून बिचाऱ्यांनी या वयात काळभुंग्याचा काळा झगा चढवला. त्यांनी तिला पुन्हा पुन्हा बजावलं, "काय बी झालं तरी दार उघडायचं न्हाई. मी कितीबी वरडलो तरी न्हाई. वरडणं हाच खेळ हाय. लोकं हसून दमली की मग उघडायचं."

"हो पप्पा. दहा वेळा सांगितलंत."

ते खरंच तितक्या वेळा सांगत होते. प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं.

रविवारी संध्याकाळी खुर्च्या भरल्या. सिनेमा संपत आला असताना पहिल्या रांगेशी एक ठेंगणा म्हातारा काठी टेकत आला. जुन्या कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी या कार्यक्रमाचा निरोप टाकला होता. इंदुताईंनी त्याला लगेच ओळखलं.

"वैनी, बोलावणं न्हाई, पण आलोय," खंडू म्हणाला.

"बसा भाऊजी. खोकू नका म्हणजे झालं."

"त्यासाठीच तर आलोय," तो म्हणाला, आणि दोघंही थोडं हसले.

पडदा उतरला. दिवे लागले. माझ्यामागं काळं कापड बांधलं होतं. हिंदुरावांनी चार-दोन लहान हातचलाख्या केल्या, त्या हातांनीच केल्या, डोक्याची गरज पडली नाही. मग ते माझ्यात शिरले. रुपालीनं कडी घातली आणि छडी फिरवली.

आत काळोख. हिंदुरावांनी छाती भरून श्वास घेतला आणि हाक दिली, "अरे, मला बाहेर काढा रे! आत मी एकटा नाही!" बाहेर हशा फुटला. नुकताच सिनेमात पाहिलेला प्रसंग, लोक तर टाळ्या पिटायला लागले. आता टाच दाबायची होती.

टाच हललीच नाही.

त्यांनी हात पुढं केला, मला चाचपलं. उजवीकडं, डावीकडं, वर. त्यांना आपण कुठं आहोत तेच कळेना, हे मला त्यांच्या बोटांवरून कळलं. पेटी, खेळ, खिट्टी, सगळं त्यांच्या मनातून कुणीतरी उचलून नेलं होतं. उरल्या फक्त चार भिंती आणि अंधार.

"कोन हाय?" ते म्हणाले. "दार उघडा. ओ, दार उघडा की!"

लोक हसले.

"मला श्वास घेता येईना!" त्यांनी माझ्यावर मुठी मारल्या. मी गदागदा हलले. पेटी हललेली पाहून लहान पोरं किंचाळून हसली. मोबाईल वर झाले. कुणीतरी शिट्टी मारली. रुपालीनं हात कडीकडं नेला, मग वडिलांचं बोलणं आठवून मागं घेतला. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते तसंच गोठल्यासारखं झालं होतं. इंदुताईंनी पदर तोंडाला लावला.

टाच खिट्टीपासून वीतभर लांब होती. वीतभर! मी एवढी मोठी, एवढ्या माणसांना गायब केलेली, एक खिट्टी माझी मला दाबता येत नव्हती. त्यांचा घाम माझ्या लाकडावर ओघळत होता. ते माझ्याशीच झुंजत होते, आणि बाहेर जितका ते आकांत करतील तितका हशा वाढत होता. सिनेमात मी भुताची पेटी होते. खरी भुताटकी त्या संध्याकाळी पाहिली, भर उजेडात, हसणाऱ्या चांगल्या माणसांच्या मधोमध.

मग त्यांचा आवाज बसला. ते भिंतीला टेकून लहान पोरासारखं म्हणाले, "खंडू. आरं खंडू, इथनं कसं जायाचं रं?"

ते बाहेर फारसं कुणाला ऐकू गेलं नाही. पण पहिल्या रांगेत काठी पडल्याचा आवाज आला.

खंडू स्टेजवर चढला. तो म्हणाला असता, "अरे थांबा, माणूस अडकलाय," तर कुणी त्याला अडवलं नसतं. रुपालीनं तिथंच कडी काढली असती. आणि सगळ्या सोसायटीसमोर हिंदुराव घामेजलेले, भेदरलेले, कुठं आहोत ते न कळणारे बाहेर पडले असते. खंडूनं तसं केलं नाही. त्यानं मान उडवली, दोन्ही हात पसरले आणि सिनेमातल्या काळभुंग्याच्या खर्जातल्या आवाजात गरजला, "चांदणरावाच्या पोरी! माझी पेटी, माझाच झगा, आणि मला सोडून खेळ? बघतोच आता!" आणि तो काळ्या कापडामागं गेला.

लोकांना वाटलं, हाही खेळच. रुपालीनं मात्र त्याला ओळखलं. तिनं छडी उंच धरली आणि ती तशीच धरून ठेवली.

मागून माझ्या फटीत त्याचं बोट शिरलं. बाहेरून पाठ उघडायची जागा फक्त त्या दोघांना ठाऊक होती. पाठ उघडली. हिंदुराव मागं कलंडले, ते खंडूच्या छातीवर.

"हाय मी, हाय," खंडू कुजबुजला. "बस हितं. गप बस. कुठं जाऊ नगंस." त्यानं त्यांना पडद्यामागच्या खुर्चीवर बसवलं, त्यांच्या अंगावरचा काळा झगा ओढून स्वतःच्या खांद्यावर टाकला, आणि मग हा गुडघे दुखणारा म्हातारा उलट्या बाजूनं माझ्यात शिरला. पाठ लावून घेतली. तेलाचा वास आता येत नव्हता, कापराचा आणि बामचा येत होता. पण श्वास तोच.

"अरे, मला बाहेर काढा रे!" तो आतून बोंबलला. "आत मी एकटा नाही!"

रुपालीनं कडी काढली. दार उघडलं. आत गेले होते हिंदुराव, बाहेर आला खंडू, मान खाली, हात जोडलेले, हरलेला काळभुंगा. अख्खी सोसायटी उभी राहिली. असा खेळ आम्ही उमेदीच्या काळातही केला नव्हता.

टाळ्या चालू असतानाच इंदुताई आणि रुपाली पडद्यामागं धावल्या. हिंदुराव खुर्चीत बसून स्वतःच्या मुठी बघत होते. त्या सोलवटल्या होत्या. काही वेळानं खंडू आत आला तेव्हा त्यांनी त्याला नीट ओळखलं. त्या दिवशी अजून ओळख उरली होती.

"हरलास ना आज," ते म्हणाले.

"व्हय," खंडू म्हणाला. "हरलो."

त्यानंतर डॉक्टर झाले, डोक्याचे फोटो काढले, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी रुपालीला स्पष्टच सांगितलं की यातून मागं फिरता येत नाही, सावकाश पुढंच जायचं असतं. खंडूनं पहिलं काम केलं ते माझी कडी काढून टाकायचं. आतली खिट्टीही त्यानं उपटली आणि पाठ खिळ्यांनी पक्की केली. खिळे मारताना तो म्हणाला, "राग मानू नगं बाई." मी कसला राग मानणार? मी आता गोधड्या ठेवायचं कपाट आहे. त्यात कमीपणा नाही. माणूस माझ्यात अडकणार नाही, एवढं पुरे.

खंडू दापोडीहून बसनं येतो. चहा होतो. दोघं गॅलरीत, माझ्यासमोर खुर्च्या टाकून बसतात. हिंदुरावांना आता तो कोण ते कळत नाही. कधी ते त्याला गावाकडचा पाहुणा समजतात, कधी इन्शुरन्सवाला. परवा त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पाव्हणं, एक गंमत सांगू का? ह्या पेटीत खालच्या अंगाला एक खिट्टी हाय. टाचेनं दाबली की माणूस गायब!"

"आसं?" खंडू म्हणाला. "मला म्हायतीच न्हवतं."

"कुनाला बोलू नका. आनि त्यो खंडू हाय ना, त्याला तर आजाबात न्हाई. लई बेरकी गडी."

"न्हाई बोलत."

"शपथ?"

"शपथ," खंडू म्हणाला आणि गळ्याला हात लावला.

हिंदुराव समाधानानं मागं टेकले. मग दोरीवरच्या कपड्यांकडं बघत म्हणाले, "दिसला कुठं तर एवढं सांगा, घरी ये म्हणावं. लई दिस झालं, आला न्हाई."

खंडूनं बशीतला चहा तसाच धरून ठेवला. "सांगतो," तो म्हणाला.

मला ओरडावंसं वाटलं की हाच तो, तुमच्या पुढ्यात बसलाय. माझं दार वाऱ्यानं थोडं उघडलं आणि पुन्हा मिटलं. दोघांनीही वळून पाहिलं नाही.

आता सोसायटीवाले म्हणतात, गॅलरीतलं जड सामान हलवा. रुपालीनं अजून होकार दिलेला नाही, पण द्यावा लागेल. मला कुठं नेतील ठाऊक नाही. भंगारात गेले तरी माझी तक्रार नसेल, फणस चांगला जळतो, कुणाचं तरी पाणी तापेल. माझी एकच विनवणी आहे, नेणाऱ्यांनो. दुपारी नेऊ नका. दुपारी ते दोघं इथं बसतात, आणि ज्यांना खंडूही ओळखू येत नाही, त्यांना मी अजून ओळखीची आहे.